सदतीस नंबरची नळी

मॅडम, मी आकडे झाकणांवर लिहिले होते. नळ्यांवर नाही.

एवढं एक वाक्य तुमच्या हयातीत मला बोलता आलं नाही. म्हणजे तुमच्यासमोर बोललो, तेही तुम्ही पकडल्यावर. पण ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं, त्याच्यासमोर दोन वर्षं जीभ उचलली नाही. आता तुम्ही गेल्यावर कॉलेजात जो भेटतो तो म्हणतो, बोरसे, मॅडमची एखादी आठवण सांगा ना. मी सांगतो. लोक हसतात, मग डोळे पुसतात, आणि मी पुढची सांगतो. माझ्या फजितीचे किस्से तर मी न विचारताही सांगतो. हा एकच सांगितलेला नाही.

सगळ्यांची आवडती आठवण बर्फाची. खेरडी गावी रक्ताचे नमुने घ्यायला निघालो, पेटी घेतली आणि बर्फ प्रयोगशाळेत विसरलो. वाटेत गोळेवाला दिसला. त्याच्याकडून पेटीभर किसलेला बर्फ घेतला, आणि माझी पाठ वळली तेवढ्यात त्याने सवयीने वरून काला खट्टा ओतला. तुम्ही पेटी उघडलीत, जांभळ्या बर्फाकडे बघितलंत आणि म्हणालात, “बोरसे, नमुने घ्यायचेत, चाखायचे नाहीत.” खेरडीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि सकाळपासून रक्त द्यायला बिचकत होत्या त्या एकेक करून पुढे आल्या. तुम्ही नंतर म्हणायचात की माझ्या मूर्खपणाला तुम्ही अभ्यासाच्या खर्चात धरलंय. मीही ते मिरवायचो. मूर्खपणाने कुणाचं घर मोडू शकतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुढचं लिहिताना माणसांची नावं बदलली आहेत, कामधंदाही थोडा इकडचा तिकडे केलाय, आणि त्या घरी विचारून आलोय. एवढं तरी शिकवलंत मला. उशिरा शिकलो.

तुमचा प्रश्न साधा होता. सिकलसेल म्हणजे रक्ताच्या एका जनुकात एकाच अक्षराचा फरक. त्या एका अक्षरापायी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पोर हातपाय धरून ओरडतं. आपल्या भागात हा आजार घराघरांत आहे. पण रोग एकच असताना एक पोरगी महिन्यातून दोनदा दवाखान्यात, आणि दुसरी लंगडी खेळते, असं का? तुम्ही म्हणायचात, दोन माणसांच्या जनुकांच्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर साधारण हजार अक्षरांत एखादं वेगळं निघतं. बहुतेक फरकांनी काही बिघडत नाही. काही फरक मात्र दुसऱ्या एखाद्या दोषाला आवर घालतात. ते शोधायचे तर आजारी पोर, आई, बाप, भावंडं, सगळ्यांच्या पोथ्या हव्यात. म्हणून आपण खेरडी, किलवणी फिरत होतो. प्रयोगशाळेचा सहायक म्हणून रक्तातून डीएनए काढायचं काम माझं. नळ्यांतला थोडा डीएनए मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा, तिथे एकेका माणसाची लाखो ठिकाणची अक्षरं वाचली जायची, आणि तिकडून यायची एक अवाढव्य फाइल.

तुमचा नियम होता की फाइल वाचणाऱ्याने नावं बघायची नाहीत आणि नावं ठेवणाऱ्याने फाइल वाचायची नाही. नावांची वही माझ्या कपाटात दिलीत, कारण मला फाइल वाचता येत नव्हती. आणि मग रिकाम्या तासांना मला फाइल वाचायला तुम्हीच शिकवलंत. ही एक चूक तुमच्या नावावर मांडतो. बाकी सगळ्या माझ्या.

त्या दिवशी तुम्ही प्राचार्यांकडे गेला होता. लॅपटॉप उघडा होता. नवी फाइल आली की आधी तिची झाडझूड करायची असते: कुठली अक्षरं वाचली गेलेली नाहीत, मुलगी म्हणून लिहिलेला नमुना खरंच मुलीचा आहे का, आणि शेवटी नाती. बाप आणि लेक म्हटलं की प्रत्येक ठिकाणी दोघांचं निदान एक अक्षर सारखं असायला हवं, कारण लेकीचं निम्मं त्याच्याकडूनच आलेलं असतं. सदतीस नंबरच्या मुलीचं तिच्या बापाशी हजारो ठिकाणी जुळत नव्हतं. मुलीच्या आईचं रक्त तेव्हा घेतलंच नव्हतं, ती स्वतःच्या आजारी आईकडे नंदुरबारला गेली होती. मी कपाट उघडलं, वही काढली आणि नाव बघितलं. गुलाब. आमच्याच खानदेशाकडचा, किलवणीच्या चाळीत राहणारा, धाग्याच्या कंपनीत कामाला. मुलगी कल्पना, नऊ वर्षांची. बायको सुमित्रा.

आणि संध्याकाळी पिपरियाच्या टपरीवर मी चहा प्यायला गेलो.

नाव मी घेतलं नाही. याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता. एवढंच म्हणालो की आमच्या मशीनसमोर कुणाचं काही लपत नाही. आहे एक किलवणीच्या चाळीतला, धाग्याच्या कंपनीतला, पोरगी सिकलसेलची, बिचारा रात्रंदिवस तिला खांद्यावर घेऊन फिरतो आणि ती त्याची नाहीच. लोकांनी च् च् केलं. मी दुसरा चहा मागवला. तुम्ही नंतर बोललात ते माझ्या हाडात बसलंय: माणूस ओळखायला अख्खी पोथी लागत नाही, चार खुणा पुरतात, आणि तू चारही दिल्यास.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुलाब आला. रात्रपाळी करून थेट कॉलेजात, केसांत धाग्याची कुसं तशीच. मी बोललो त्या संध्याकाळी टपरीवर त्याच्या धाकट्या भावाचा एक दोस्त बसला होता. तुम्ही खुर्ची दिलीत, तो बसला नाही.

“मॅडम, माझी पोरगी माझी नाही असं तुमच्या मशीनमध्ये आलंय का?”

तुम्ही विचारलंत, हे कोण म्हणालं. तो म्हणाला, चाळीत चाललंय, भाऊ म्हणतो, वहिनीला माहेरी धाड. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तिची बॅग दारात भरून ठेवलीय. तुम्ही सांगाल त्याच्यावर ती बॅग आत जाईल नाहीतर बाहेर.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी बरणीतल्या बेडकाकडे बघत होतो. आयुष्यात कुठल्या बेडकाकडे मी इतक्या मन लावून बघितलं नसेल.

तुम्ही त्याला म्हणालात, आज दुपारपर्यंत थांबा, तोवर घरात कुणी काही ठरवायचं नाही, आत्ता माझ्यासमोर फोन करून सांगा. त्याने केला. मग तो बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला, आणि तुम्ही दार लावलंत.

“बोरसे, तुम्ही कुठे आणि काय बोललात ते सांगा.”

तुम्ही मला एरवी अरे-तुरे करायचात. अहो-जाहो सुरू झालं की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलं. मी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त चष्मा काढून पुसलात, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिलात.

मी शहाणपणा दाखवला. म्हणालो, तिघांना बोलवू, ताजं रक्त घेऊ, दोन दिवसांत दूध का दूध, पानी का पानी. तुम्ही विचारलंत, आणि नाही जुळलं तर? बाहेर जाऊन तुम्ही सांगणार त्या माणसाला? मग म्हणालात, “मला त्यांचं नातं तपासायचं नाहीये. मला आपली नळी तपासायची आहे.”

फ्रीजरमधून तुम्ही पेटी काढलीत. सदतीस नंबरची नळी चिमटीत धरलीत, फिरवलीत, पुन्हा फिरवलीत. नळी कोरी होती. अडतीस घेतलीत. तीही कोरी. सगळी पेटी कोरी, आकडे नुसते झाकणांवर. मी म्हणालो, फ्रीजरच्या ओलीने पुसलं असेल. ही थाप मी इतक्या झटकन मारली की मलाच खरी वाटली. तुम्ही स्पिरिटचा बोळा घेतलात आणि झाकणावरून फिरवलात. आकडा हलला नाही.

“झाकणावरचं राहिलं आणि नळीवरचंच पुसलं?”

तेव्हा बोललो. नळ्यांवर लिहायला जागा बारीक, झाकणावर ऐसपैस, म्हणून झाकणांवर लिहिलं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगरा फिरवणाऱ्या यंत्रात, वजन सारखं राहावं म्हणून नळ्या समोरासमोर जोडीने ठेवतात. सदतीस आणि अडतीस ही एक जोडी. दोन्हींची झाकणं एकदम उघडली होती का, तुम्ही विचारलंत. बहुतेक. नक्की सांगा. मेव्हण्याचा फोन आला होता, मॅडम. झाकणं टेबलावर ठेवून मी खिडकीशी गेलो होतो. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. अडतीस म्हणजे खेरडीची मुलगी. तीही सिकलसेलची, तीही जवळपास त्याच वयाची. दोघी मुली, दोघींत तोच दोष, म्हणून आधीच्या सगळ्या चाळण्यांतून माझी चूक निसटून गेली होती. तिच्या आईबापांचे नमुने पुढच्या खेपेला जायचे होते, त्यामुळे तिकडूनही कुणी बोंब मारली नव्हती.

पण हे सगळं ‘बहुतेक’ होतं. बाहेर बसलेल्या माणसाला ‘बहुतेक’ सांगता येत नाही.

मग तुम्हाला कार्डं आठवली. पहिल्या भेटीत प्रत्येक पोराच्या बोटातून रक्ताचा एक थेंब कागदी कार्डावर घेतला होता, आणि कार्डावर आकडा तुम्ही स्वतः, त्या पोरासमोर, पेनने घातला होता. कार्ड सदतीस ही नक्की कल्पना. तर प्रश्न एवढाच की नळी सदतीस आणि कार्ड सदतीस एकाच मुलीचं आहे का. त्यात आई नको, बाप नको, कुणाच्या दारात जायला नको. आजवर इतके प्रयोग बघितले, मॅडम, पण इतका सभ्य प्रयोग बघितला नाही.

माणसाच्या पोथीत काही जागा अशा असतात जिथे एकच तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा आलेला असतो, कुणात अठरा वेळा, कुणात चोवीस. त्या तुकड्याच्या नकला वाढवायच्या, जेलच्या लादीत भरायच्या आणि वीज सोडायची. आखूड तुकडे पुढे पळतात, लांब मागे राहतात. मी म्हणालो, एक जागा बघितली की काम होईल. तुम्ही तीन निवडल्यात. एका जागेवर दोन परक्या माणसांचंही जुळू शकतं, एका खुणेवर कुणाचा निकाल लावायचा नाही, म्हणालात. दोन दिवसांपूर्वी टपरीवर मी नळीही न तपासता लावला होता. ते तुम्ही बोलला नाहीत.

नळ्यांना हात लावायची मला बंदी होती. मी जेल ओतायला घेतली, तर तुम्ही तीही काढून घेतलीत. मग मला बाहेर पाठवलंत, त्या माणसाला चहा द्यायला. माझ्या हातून. मॅडम, ती शिक्षा होती की तुम्हाला सुचलं नाही, हे विचारायचं राहून गेलं. त्याने कप घेतला आणि खानदेशी माणूस म्हणून माझ्याशीच मोकळेपणाने बोलायला लागला. म्हणाला, भाऊ, पोरगी दुखण्यात रडते तेव्हा आईला हाक मारत नाही, मला मारते. आता ती हाक ऐकली की मी काय करू? तो चहा गार होईपर्यंत कप धरून बसला, आणि मी त्याच्या बाजूला, ज्याने हे केलं तो, सांत्वन करणाऱ्याच्या जागी.

नकला वाढवणारं मशीन अडीच तास चाललं. मग जेल. निळा रंग मुंगीच्या पावलांनी सरकत होता. गुलाब दोनदा दारापर्यंत आला आणि परत गेला. एकदा त्याचा फोन वाजला, आम्ही आतून ऐकलं, तो म्हणाला, अजून नाही, थांब म्हटलं ना. तुम्ही घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाकलंत. मी पुटपुटलो, मॅडम, माझीच चूक निघू दे. तुम्ही म्हणालात, निघू दे म्हणून निघत नसते. मॅडम, माझ्या सगळ्या आयुष्यात आपणच गाढव ठरावं म्हणून मी देवाला हात जोडले ते त्या एका दुपारी.

दिवा लावला. रेघा उजळल्या. नळी सदतीस आणि कार्ड सदतीस: तीनपैकी तिन्ही ठिकाणी वेगळं. नळी सदतीस आणि कार्ड अडतीस: तिन्ही ठिकाणी एक. उलटही तसंच. तुम्ही फोटो काढलात, तारीख घातलीत, सही केलीत, माझी घेतलीत. मग तोंडावर पाणी मारून बाहेर गेलात. मी दाराच्या मागे.

तुम्ही त्याला सांगितलंत की तुमच्या मुलीचं म्हणून जे वाचलं गेलं ते तुमच्या मुलीचं नव्हतंच, नळ्यांची अदलाबदल झाली होती, पक्कं तपासलंय, हा बघा फोटो. त्याने विचारलं, अदलाबदल कोणी केली? मी दाराची कडी घट्ट धरली.

“माझ्या हातून झाली,” तुम्ही म्हणालात. “टेबल माझं आहे. माफी मागते.”

त्याने खिशातून फोन काढला, घरी लावला आणि म्हणाला, बॅग आत घे. तुम्ही त्याच्याबरोबर रिक्षाने किलवणीला गेलात, चाळीत उभं राहून भावासमोर, शेजाऱ्यांसमोर, सुमित्राची हात जोडून माफी मागितलीत. मी नंतर ऐकलं. मला घेऊन गेला नाहीत.

मी आभार मानायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्यासाठी नाही केलं. त्याने तुमचं डोकं फोडलं असतं, तो आत गेला असता, आणि पोरीला दवाखान्यात कोणी नेलं असतं? एवढं बोलून तुम्ही वही माझ्या कपाटातून काढून नेलीत. ‘अरे बोरसे’ परत यायला चार महिने लागले.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. दुरुस्त आकड्यांनी फाइल तुम्ही एकटीने पुन्हा चालवलीत. मी विचारलं, आता जुळलं ना? तुम्ही लॅपटॉप मिटलात. पोरगी इतकी आजारी का पडते ते आपण शोधतोय, त्याच्याशी तुझ्या प्रश्नाचा काय संबंध, म्हणालात. मी म्हणालो, त्याने विचारलं होतं, मॅडम, तोंडावर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याने विचारलं की मशीनमध्ये तसं आलंय का, आणि आलं होतं ते दुसऱ्या पोरीचं होतं. नात्याबद्दल मी एक शब्द खोटा बोलले नाही. मी म्हणालो, म्हणजे खरंही पूर्ण बोलला नाहीत. यावर आपण दोन वर्षं भांडलो. कधी डब्यावर, कधी परीक्षांच्या पेपरांवर. माहिती ज्याची त्याला मिळावी असं मला अजून वाटतं. तुम्ही म्हणायचात, त्यांनी रक्त आजारासाठी दिलंय. ज्यासाठी दिलं तेवढंच आपलं, बाकीचं आपल्याकडे ठेव आहे, आणि ठेव उघडून बघायची नसते. यावर माझं एक नवं उत्तर तयार होतं. तुम्ही सुट्टीवरून आलात की टाकणार होतो. तुम्ही आलाच नाहीत.

तुमचा लॅपटॉप मागच्या आठवड्यात माझ्या ताब्यात आला, नव्या मॅडमना देण्यासाठी. पासवर्ड मला माहीत होता. तुम्ही तो कधी बदललाच नव्हता, आणि मी तुमच्यामागे उभं राहून वाचतो हे तुम्हाला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. फाइल होती. नाती काढायची आज्ञा मला अजून पाठ आहे. अर्धी ओळ टाइप केली, मॅडम. बोट पुढच्या अक्षरावर होतं. तुम्ही मागे उभ्या असल्याचं वगैरे मला काही जाणवलं नाही. तसलं मला कधीच जाणवत नाही. मला फक्त ती बॅग आठवली, जी मी कधी बघितलीसुद्धा नव्हती. कुठल्या रंगाची होती तेही माहीत नाही. ओळ खोडली, लॅपटॉप बंद केला आणि त्याच दिवशी नव्या मॅडमच्या हातात दिला. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. खरंच घाबरलो होतो.

रविवारी किलवणीला गेलो. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. गुलाबने खुर्ची दिली, मी बसलो नाही. कल्पनाचे पाय दुखत होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि सुमित्रा तव्यावर फडकं गरम करून तिच्या पोटऱ्या शेकत होती. मी वाटेत तीनदा म्हणून बघितलेलं सगळं विसरलो. म्हणालो, मॅडमनी खोटं सांगितलं होतं. नळ्या माझ्या हातून बदलल्या. चहाच्या टपरीवरही मीच बोललो. मॅडमचा काही दोष नव्हता.

गुलाबने बायकोकडे बघितलं. तिने फडकं उलटं केलं, पोरीच्या पायावर दाबून धरलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आम्हाला केव्हाच कळलं होतं, भाऊ. मॅडमची चूक असती तर तुमच्या तोंडात एक दिवस राहिली नसती. दोन वर्षं राहिली, म्हणजे तुमचीच.”